बेचाळीस अंश आणि अक्काचं तिकीट

संपादकांचा फोन आला तेव्हा मी बदनापूर स्टेशनाबाहेरच्या हातगाडीवर मोसंबी निवडत होतो. "तुमच्या विमानातल्या नोकरीचे थरारक अनुभव लिहा," ते म्हणाले. मी म्हटलं, "साहेब, माझी नोकरी विमानातली नव्हती, विमानाखालची होती." पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. माझी पानं दुसऱ्या कुणाला द्यावीत का, याचा विचार चालला असावा. मग म्हणाले, "तेच लिहा. पण थरारक लिहा."

तेव्हा आधीच सांगून टाकतो. तीस-बत्तीस वर्षं मी एका विमान कंपनीत फ्लाइट डिस्पॅचर होतो. गावाकडे कुणी विचारलं की सुरुवातीला मी हाच शब्द सांगायचो आणि समोरचा म्हणायचा, "म्हंजे कुरियरमधी?" पुढे सांगणंच सोडलं. आमच्या जाफराबादेत माझ्याविषयी अजून तीन मतं आहेत. काहींच्या मते मी पायलट होतो, काहींच्या मते मी पायलटांना चहा द्यायचो, आणि काहींच्या मते मी विमानाला झेंडी दाखवायचो. हे झेंडीचं मत माझ्या सख्ख्या चुलत्याचं. ते त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही, आणि वर आपल्या पुतण्यानं एकदाही चुकीची झेंडी दाखवली नाही असं अभिमानानं सांगायचे.

खरं काम असं होतं. विमान सुटायच्या आधी एक माणूस खाली खोलीत बसून ठरवतो, की आज, या उन्हात, या वाऱ्यात, एवढ्या लांबीच्या धावपट्टीवरून हे विमान किती वजन घेऊन सुखरूप उडेल. माणसं, बॅगा, इंधन, सगळं धरून. तो आकडा कॅप्टनच्या हातात द्यायचा, कॅप्टननं सही करायची, आणि मग विमान हलायचं. तो माणूस मी. म्हणजे बेरीज-वजाबाकी. आमच्या शाळेतल्या गणिताच्या गुरुजींनी मला "तू आयुष्यात बेरजेवर पोट भरणार न्हाई" असं छातीठोक सांगितलं होतं, आणि पुढे मी त्यांनाच एकदा विमानात बसवून पाठवलं. ते निर्धास्त बसले, कारण बेरीज कुणी केली हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

बेरजेत गंमत काय, असं वाटेल. गंमत उन्हात आहे. जेट इंजिन समोरून हवा ओढतं आणि मागून जोरात फेकतं, त्या जोरावर विमान पुढे जातं. ऊन वाढलं की हवा विरळ होते. इंजिनाला ओढायला कमी मिळते, जोर कमी पडतो. पंखांनाही तीच विरळ हवा. म्हणजे ज्या दिवशी इंजिन दमतं, नेमके त्याच दिवशी पंखही रुसतात. जानेवारीच्या सकाळी जे विमान हसत उडतं, तेच जूनच्या दुपारी "आधी दोन माणसं उतरवा, मग बोलू" म्हणतं.

या धंद्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे राजरोस खोटं बोलणं. थंडीच्या दिवसांत अर्धं रिकामं विमान उडवायला इंजिनाचा पूर्ण जोर लागत नाही. पूर्ण जोर लावला की इंजिन लवकर झिजतं. मग वैमानिक इंजिनाच्या कॉम्प्युटरला सांगतो, "बाबा रे, बाहेर पंचावन्न अंश ऊन आहे." बाहेर असतात अठरा. इंजिन बिचारं विश्वास ठेवतं आणि पंचावन्न अंशांना जेवढा जोर देता आला असता तेवढाच देतं. सगळी दुनिया या खोट्यावर उडते, आणि तुम्ही खिडकीशी बसून ढगांचे फोटो काढता. कोणत्या दिवशी किती अंशांचं खोटं बोलायचं, तो आकडा आम्ही काढायचो. अट एकच, की खोटं हे खऱ्यापेक्षा जास्त गरम असलं पाहिजे. आणि आमच्या मराठवाड्यात मृग लागायच्या आधी, दुपारी दोनला, खोटं बोलायला जागाच उरत नाही. तेव्हा पूर्ण जोर लावायचा, आणि तोही पुरेल का हे मोजायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे व्ही-वन. धावपट्टीवर विमान पळत असताना एक वेग असा येतो, की त्याच्या आधी काही बिघडलं तर ब्रेक मारता येतो, त्याच्यानंतर मारला तर धावपट्टी संपते आणि कुणाचं तरी शेत सुरू होतं. तो वेग म्हणजे व्ही-वन. लग्नात अंतरपाट धरलेला असेपर्यंत नवरदेवाला पळता येतं, पाट खाली आला की संसार करावाच लागतो, तसं. व्ही-वन नंतर एक इंजिन बंद पडलं तरी उरलेल्या एकावर उडायचंच. आमची सगळी बेरीज त्या एका इंजिनासाठी असते. दोन्ही इंजिनं चालू असतील तर विमान काय, कुणीही उडवेल.

आता हे सगळं जाफराबादच्या जीपवाल्याला सांगून बघा. मी सांगितलंय. त्यानं ऐकून घेतलं, तंबाखू मळली, आणि म्हणाला, "भाऊ, दाबून बसवलं की मावतंयच." त्याच्या जीपमध्ये पुढे चार, मधे पाच, मागे पाच आणि टपावर कापसाच्या गाठोड्यासोबत एक मास्तर. त्याचा व्ही-वन गिऱ्हाईक चढलं की लागतो. मी त्याच्याशी वाद घालत नाही, कारण त्याच जीपनं मी घरी जातो.

एवढी मिजास मारतोय म्हणून माझी एक चूकही सांगतो. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षीची. आमच्या कागदावर दोन वजनं एकाखाली एक छापलेली असायची. वर इंधनाशिवायचं वजन, खाली इंधन भरून उडतानाचं वजन. मी घाईत वरचं वाचलं आणि त्यावर सगळे वेग काढून दिले. कागदावर विमान कितीतरी टन हलकं झालं. वेग सगळे कमी. त्या वेगांवर नाक वर उचललं असतं तर शेपूट धावपट्टीला घासलं असतं, नाहीतर त्याहून वाईट.

विमानाचे कॅप्टन होते मेहरा. पंजाबी, टक्कल, मिश्या रंगवलेल्या, आणि आवाज असा की रेडिओ नसता तरी टॉवरला ऐकू गेला असता. त्यांनी कागद घेतला, बघितला, चष्मा काढला, पुन्हा घातला. मला म्हणाले, "दिगंबर, ये जहाज आज बिना तेल के जा रहा है क्या? धक्का तू मारेगा?" त्यांनी तक्रार केली नाही. माझ्याकडून तो कागद तीनदा नव्यानं काढून घेतला, तोवर समोर बसून माझाच चहा प्यायले, आणि तिसऱ्या कागदावर सही करून निघून गेले. प्रवाशांना "तांत्रिक कारणामुळे उशीर" असं सांगितलं गेलं. ते तांत्रिक कारण म्हणजे मी.

त्या दिवसापासून मला एक खोड लागली. हवामानाचा रिपोर्ट दर अर्ध्या तासानं येतो आणि पुढचा येईपर्यंत तोच धरायचा असतो. नियमानं तेवढं पुरे. पण मी सही व्हायच्या आधी हवामान कार्यालयात फोन लावून विचारायचो, "आत्ता, या मिनिटाला किती आहे?" तिथला माणूस वैतागायचा. "अहो, रिपोर्ट वाचता येत न्हाई का तुम्हाला?" म्हणायचा. पण सांगायचा. ही खोड मी शेवटपर्यंत सोडली नाही, आणि हिच्यापायीच मी माझ्या अक्काला विमानातून उतरवलं.

जालन्याहून तासाभरावर विमानतळ आहे, तिथे माझी शेवटची बारा वर्षं गेली. रोज दुपारी एक विमान दिल्लीला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, इंदू. गावातच, जाफराबादेला दिलेली. आई लवकर गेली, म्हणून मला मोठं तिनंच केलं, आणि ती हे कधीही बोलून दाखवत नाही, त्यामुळे जास्तच लक्षात राहतं. तिचा एकुलता एक मुलगा प्रमोद लष्करात अधिकारी व्हायला निघाला होता. डोंगराकडे त्यांची प्रबोधिनी आहे. शिक्षण संपलं की सकाळी मोठी परेड होते आणि परेडनंतर आईबाप पोराच्या खांद्यावर स्वतःच्या हातानं स्टार लावतात. आयुष्यात एकदाच. पोरानं चिठ्ठीत चार वेळा लिहिलं होतं, आई, तूच लावायचा.

अक्कानं आणि दाजींनी रेल्वेचं आरक्षण दोन महिने आधीच केलेलं. मला कळलं तेव्हा मी चक्क रागावलो. "भाऊ विमान कंपनीत आणि बहीण दोन दिवस रेल्वेत बसणार? लोक काय म्हणतील?" आरक्षण रद्द करायला लावलं. मला कंपनीकडून घरच्यांसाठी फुकट तिकिटं मिळायची, त्यातली दोन काढली. दुपारी दिल्ली, तिथून रात्रीच्या बसनं पहाटे प्रबोधिनी, आंघोळ, परेड. कसं मस्त बसलं होतं. फुकटच्या तिकिटाचा एकच नियम असतो. जागा असली तर बसायचं, आणि वजन जास्त झालं तर सगळ्यात आधी उतरायचं. हे मला ठाऊक होतं, पण आदल्या संध्याकाळी मी स्वतः आकडा काढला होता. धावपट्टीच्या एका टोकाला डागडुजी चालू होती, तेवढा तुकडा बंद, त्यामुळे वजनाला थोडी कात्री होती. चाळीस अंश धरून हिशेब केला तर बरोबर दोन जागा उरत होत्या. माझा माझ्या आकड्यावर विश्वास होता. माझ्या बापावर नव्हता एवढा.

दोघं दुपारी बाराला आले. जीपमध्ये चौदा जण होते म्हणे. अक्कानं नवीन हिरवं लुगडं नेसलेलं, दाजींची टोपी कडक इस्त्रीची. प्रवाशांना सोडायला लागल्यावर मी त्यांना विमानात नेऊन बसवलं, अक्काला खिडकी दिली, पट्टा लावून दिला. कॅप्टन मेहरा योगायोगानं त्याच दिवशी आले होते. तोवर निवृत्तीला टेकलेले. त्यांनी कॉकपिटातून बाहेर येऊन अक्काला हात जोडले आणि म्हणाले, "माताजी, आज आपको मैं ले जाऊँगा." अक्का माझ्याकडे बघून लाजली. बहीण एवढी लाजलेली मी तिच्या लग्नातही बघितली नव्हती.

मी खाली खोलीत आलो. दोनच्या रिपोर्टात चाळीस अंश. कागद तयार. दोन वीसला सही करून घेतली असती, अडीचच्या आत दारं लागली असती, तर जगात कुणी मला बोट लावू शकलं नसतं. नियमानं चाळीस म्हणजे चाळीस. माझा हात फोनकडे गेला. मी तो मागे घेतला. टेबलावरचा पेपरवेट उगाच इकडचा तिकडे केला. आज एक दिवस नाही केला फोन तर काय होतंय, असं अगदी स्पष्ट मनाशी म्हटलं. आणि मग फोन केला.

"बेचाळीस झालंय," हवामानवाला म्हणाला. "अडीचच्या रिपोर्टात टाकून राह्यलो. काय भयानक ऊन पडलंय हो आज!"

मी तक्ता उघडला. बेचाळीसला मर्यादा खाली आली, आणि विमान दीडशे किलोनं जड झालं. माल त्या दिवशी घेतलाच नव्हता, उतरवायला काही नव्हतं. दिल्लीकडे धुळीची वादळं उठत होती, म्हणून इंधन जास्तीचं होतं, ते कमी करायचं म्हणजे वेडेपणा. दीडशे किलो. आमच्या कागदावर प्रत्येक माणूस पंच्याहत्तर किलोचा धरतात. दोन माणसं. फुकटच्या तिकिटांची संख्या, दोन.

मी वर कॉकपिटात गेलो. मेहरांनी कागद घ्यायला हात पुढे केला. "टेम्परेचर?"

"रिपोर्टात चाळीस आहे," मी म्हणालो.

मी तिथेच थांबलो असतो तर त्यांनी सही केली असती. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. माझी फोनची खोड त्यांना ठाऊक होती. तिला कारणही तेच होते.

"और असल में?"

"बेचाळीस."

त्यांनी हात मागे घेतला. मागे वळून अक्काच्या रांगेकडे बघितलं. मग मोठ्या आवाजाचा हा माणूस एवढ्या हळू बोलला की मला पुढे वाकावं लागलं. "तुम बोलो, दिगंबर. क्या करना है?"

मी म्हणालो, "दोन उतरवतो."

मला परत आलेलं बघून अक्काचा चेहरा खुलला. "काय रे दिगू, तू बी येऊन राह्यलास का आमच्यासंगं?"

"अक्का, उतरावं लागतंय."

"सगळ्यायला?"

"नाही. तुम्हा दोघांना."

तिनं पट्ट्यावर हात ठेवला. "का? आम्ही काय केलं?"

"ऊन वाढलंय. विमानाला वजन जास्त होतंय."

पलीकडच्या रांगेत जालन्याचे एक लोखंडाचे व्यापारी झोपले होते. खुर्चीचे दोन्ही हात त्यांच्या मांसात रुतलेले, तोंड उघडं, घोरणं इंजिनाच्या वरताण. अक्कानं त्यांच्याकडे एकदा बघितलं, मग माझ्याकडे.

"त्यायला ठिवून मला उतरवून राह्यलास? मी पंचेचाळीस किलोची बाई हाय. सरकारी दवाखान्यात मोजलंय."

"कागदावर सगळे पंच्याहत्तरचे असतात, अक्का."

"मंग कागद उतरव."

आजूबाजूचे दोघं-तिघं हसले. मलाही एरवी हसू आलं असतं. "जीपमधी चौदा माणसं आलो आम्ही," ती म्हणाली, आता आवाज जरा चढला होता. "अन् एवढ्या मोठ्या विमानात दोघं मावत न्हाईत? उद्या सकाळी पोराला काय सांगू?" दाजी उठले. त्यांनी वरची पिशवी काढली, अक्काचा पट्टा कसा उघडायचा ते बघत उभे राहिले. तो मीच वाकून उघडला.

शिडी उतरून आम्ही तिघं खाली गाड्यांच्या शेडजवळ उभे राहिलो. विमानाचं दार लागलं. दाजी एवढंच म्हणाले, "जीपवाला बरा." दाजी रागानं बोलले असते तर सोसलं असतं. त्यांनी ते अगदी विचार करून म्हटलं होतं.

अक्का रडली नाही. तिनं मला विचारलं, "काय झालं असतं म्हंजे जमलं असतं?"

मी धंद्याचा माणूस, मी खरंच सांगत बसलो. "ऊन दोन अंश कमी असतं तर. नाहीतर समोरून वारं असतं तर. समोरच्या वाऱ्यानं विमान लवकर उचलतं, थोडं जास्तीचं वजन नेता येतं. आज वाराच नाही."

विमान धावपट्टीच्या टोकाला जाऊन वळलं. इंजिनांचा आवाज वाढायला लागला, पूर्ण जोर, त्या दिवशी खोटं बोलायला वाव नव्हता. आणि तेवढ्यात धावपट्टीच्या कडेची नारिंगी कापडी पिशवी हलली. वाऱ्याची दिशा आणि जोर बघायला ती खांबाला लावलेली असते. दुपारभर मेल्यागत लोंबत होती. ती उठली, फुगली, आणि बघता बघता आडवी झाली. वारं बरोबर विमानाच्या समोरून. किमान दहा-बारा नॉट, म्हणजे ताशी वीसेक किलोमीटर. तक्ता मला पाठ होता. त्या वाऱ्यात अक्का, दाजी, पिशवी, सगळं बसलं असतं. विमान उचललं, कबूतर उडावं तसं आरामात, आणि उत्तरेकडे गेलं. पाच-सात मिनिटांत पिशवी पुन्हा लोंबायला लागली.

असलं पाच मिनिटांचं वारं धरून कुणी वजन काढत नसतं. ते येणार हे कुणालाही ठाऊक नव्हतं, आणि आलं तरी टिकेल याची हमी नव्हती. हे मी स्वतःला हजार वेळा सांगितलंय. पटतं. पण मी अक्काला काही बोललो नाही. तिला काय कळणार, असं मनाशी म्हणून गप्प राहिलो आणि दोघांना जाफराबादेला सोडायला गेलो.

प्रमोदला फोन मी केला. तो "बरं मामा" म्हणाला आणि ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याच्या खांद्यावर स्टार लावला तो त्याच्या एका शिक्षकाच्या बायकोनं. तो फोटो अक्काच्या घरी बैठकीत टांगलेला आहे. प्रमोद ताठ उभा, आणि एक गोरी, पाठमोरी, अनोळखी बाई त्याच्या खांद्याशी. जाफराबादेला गेलो की मी त्या भिंतीकडे पाठ करून बसतो. गेली पंधरा-सोळा वर्षं माझी ती जागा ठरलेली आहे.

बाकी सगळं सुरळीत झालं, असंच म्हणायला हवं. प्रमोद पुढे मोठ्या हुद्द्यावर गेला. मी निवृत्त झालो तेव्हा निरोप समारंभाला म्हातारे मेहरा मुद्दाम आले आणि त्यांनी माईकवर ही सगळी गोष्ट सांगितली. या माणसानं सख्ख्या बहिणीसाठी दोन अंश चोरले नाहीत, म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला. मला शाल, नारळ. अक्का पहिल्या रांगेत बसली होती. तिनंही टाळ्या वाजवल्या. मी फुशारलो. खोटं कशाला बोलू, त्या टाळ्यांवर मी पुढे कित्येक वर्षं काढली. मी राहतो त्या बदनापूरला ज्यानं ऐकून घेतलं नाही असा एक माणूस शिल्लक नसेल. आतून मात्र ते वारं कुरतडत होतं.

यंदाच्या उन्हाळ्यात अक्काकडे गेलो होतो. दाजी आत झोपलेले. अक्का अंगणात गहू निवडत होती. आता पाठ वाकलीय, पण खडा एक सुटत नाही नजरेतून. काय झालं कुणास ठाऊक, मी एकदम बोलून टाकलं. "अक्का, त्या दिवशी विमान सुटताना समोरून वारं आलं होतं. त्या वाऱ्यात तुम्ही दोघं बसला असतात तरी चाललं असतं. मी तुला सांगितलं नाही."

तिचा हात थांबला नाही. "ठाऊक हाय मला," ती म्हणाली.

"कसं काय?"

"कसं म्हंजे? समोरून वारं आलं की जमतं म्हणून तूच तर सांगितलं व्हतं. अन् लगेच वारं आलं. माझ्या डोळ्यात माती गेल्ती, ह्यांची टोपी उडून गेल्ती. मला काय कळत न्हाई का?"

"मग बोलली का नाहीस? इतकी वर्षं?"

"काय बोलायचं? तू त्या पिशवीकडं बघत उभा व्हतास. तोंड बघितलं तुझं. म्हटलं, मला कळलं न्हाई असंच ह्याला वाटू दे."

मला वाटलं, फिटलं सगळं. मी म्हणालो, "म्हणजे अक्का, तू मला तेव्हाच माफ केलंस."

तिनं आता सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे सरळ बघितलं. राग नव्हता. लहानपणी गणित चुकलं की बघायची तसं.

"वाऱ्याचं माफ केलं. आकड्याचं तर तू बराबरच केलं, त्यात माफ काय करायचं? त्या कॅप्टननं सांगितलं तवा मी टाळ्या मनापासून वाजवल्या. पण दिगू, आमचं रेल्वेचं आरक्षण झालेलं व्हतं. ते तू रद्द करायला लावलं, अन् फुकटचं तिकीट काढून दिलं. दुपारचं. तुला जूनचं ऊन ठाऊक व्हतं. आम्हाला न्हवतं."

आणि तिनं पुन्हा सूप उचललं.